कार्यालयातला कचरा तीन डब्यांत पडतो, पण संध्याकाळी एकाच पिशवीत जातो. सुरुवात कुठून करावी?

मधुरा (बाणेर, पुणे)

नमस्कार. मी एका खासगी कंपनीच्या प्रशासन विभागात काम करते. एका मोठ्या व्यापारी इमारतीत आमचे दोन मजले आहेत आणि रोज साधारण दीडशे माणसे कामावर असतात. दोन्ही मजल्यांवर हिरवे, निळे आणि लाल डबे ठेवलेले आहेत, त्यांवर फलक आहेत, सर्वांना सूचनाही दिलेल्या आहेत. तरीही निळ्या डब्यात अर्धवट प्यायलेल्या चहाचे कागदी पेले आणि मागवलेल्या जेवणाचे तेलकट डबे सापडतात, हिरव्या डब्यात प्लास्टिकचे चमचे सापडतात आणि संध्याकाळी हाउसकीपिंगच्या मावशी हे सगळे एकाच काळ्या पिशवीत बांधून तळघरातल्या कचराखोलीत नेऊन ठेवतात. तिथून पुढे तो कचरा कुठे जातो, याचे समाधानकारक उत्तर इमारतीच्या व्यवस्थापनाकडून मला मिळालेले नाही.

याशिवाय दोन अडचणी आहेत. छपाईचा कागद फार वापरला जातो आणि जुन्या फायलींनी एक खोली भरलेली आहे. दुसऱ्या एका कपाटात बंद पडलेले लॅपटॉप, कीबोर्ड, चार्जर आणि बॅटऱ्या साठल्या आहेत. त्या कुणाला द्याव्यात, हे ठरत नसल्यामुळे कुणीच त्यांना हात लावत नाही. वरिष्ठांची काम सुरू करायला संमती आहे, मात्र महागडे यंत्र घेण्याइतका निधी नाही. ज्यांनी आपल्या कार्यालयात हे प्रत्यक्ष करून टिकवले आहे, त्यांनी कृपया सांगावे की पहिले पाऊल कोणते असावे. पर्यावरणाचे महत्त्व आम्हा सर्वांना मान्य आहे. गाडे अडते ते रोजच्या व्यवस्थेत.

दिगंबर, फॅसिलिटी व्यवस्थापन

मधुराताई, तुम्ही प्रश्न नेमक्या जागी आणून ठेवला आहे, कारण डब्यांचे रंग ही या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी परिणामकारक बाब आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, एखाद्या वस्तूचा शेवटचा घेणारा कोण, हे ठरल्याशिवाय त्या वस्तूसाठी डबा ठेवू नये. घेणारा नसेल, तर वेगळा केलेला कचरा तळघरात पुन्हा एकत्र होतो. आणि हे एकदा कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की, वरच्या मजल्यावर काळजीपूर्वक वर्गीकरण करण्याची इच्छा कुणालाच उरत नाही.

म्हणून पहिले काम हे की, एका सर्वसाधारण कामाच्या दिवसाचा सगळा कचरा ताडपत्रीवर पसरावा, हातमोजे घालून त्याचे ढीग करावेत आणि प्रत्येक ढीग वजनकाट्यावर ठेवावा. मावशींना हे काम एकट्याने करायला लावू नये. प्रशासनातल्या दोन-तीन जणांनी स्वतः उभे राहून करावे. कार्यालयांमध्ये साधारणपणे जे दिसते ते असे: आकारमानाने सर्वांत मोठा ढीग कागदी पेल्यांचा आणि हात पुसायच्या कागदांचा, वजनाने सर्वांत मोठा उरलेल्या अन्नाचा आणि चहाच्या चोथ्याचा, आणि ज्याला भंगारवाला पैसे देईल असा पुठ्ठा, पांढरा कागद व पाण्याच्या बाटल्या यांचा ढीग अपेक्षेपेक्षा लहान, कारण त्यातला बराचसा माल चहाने आणि आमटीने भिजून वाया गेलेला असतो. कागदाची रद्दी कोरडी असेल तरच तिला भाव मिळतो. निळा डबा बिघडतो तो उरलेल्या घोटभर चहामुळे. त्यासाठी प्रत्येक पॅन्ट्रीत डब्यांच्या आधी एक झाकणाची बादली ठेवावी, तिच्या तोंडावर स्टीलची गाळणी बसवावी आणि उरलेला चहा, ताक, पाणी तिच्यात ओतूनच पुढे जायचे, असा क्रम लावावा. एवढ्या एका बादलीने सुक्या कचऱ्याची प्रत बदलते.

दुसरे, प्रत्येक टेबलाखालची कचरापेटी काढून टाकावी. पहिल्या आठवड्यात तक्रारी येतील, तरीही काढावी. टेबलाखालच्या पेटीत माणूस न बघता टाकतो. चार पावले चालून सामाईक डब्यांपाशी जावे लागले की, तो हातातल्या वस्तूकडे निदान एकदा पाहतो. शिवाय दीडशे पेट्यांना रोज घातल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या वाचतात आणि मावशींचा बराच वेळ मोकळा होतो. सामाईक डब्यांवर 'जैविक', 'अजैविक' असे शब्द लिहिण्यापेक्षा तुमच्याच पॅन्ट्रीत मिळणाऱ्या वस्तू चिकटवाव्यात: एक खराखुरा टी-बॅग, एक साखरेची पुडी, एक बिस्किटाचे वेष्टन.

आता मावशी सगळे एकत्र का बांधतात, त्याकडे यावे. त्यांच्याकडे बहुधा एकच ढकलगाडी असते, एकाच रंगाच्या पिशव्या दिलेल्या असतात आणि काम संपवण्याची वेळ ठरलेली असते. कंत्राटात वर्गीकरणाचा उल्लेख नसेल, तर ते त्यांच्यावर लादलेले बिनपगारी काम ठरते. कंत्राटात ते लिहावे, त्यासाठी वेळ आणि हातमोजे द्यावेत, दोन कप्प्यांची गाडी द्यावी आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांच्याकडेच राहतील, हे लेखी ठरवावे. अनेक ठिकाणी त्या आधीपासून रद्दी विकत असतात आणि तो त्यांच्या मिळकतीचा एक भाग असतो. नवी योजना आणताना तो हक्क आपण नकळत काढून घेत नाही ना, हे आवर्जून पाहावे.

कागदी पेल्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण ते कागदाचे असतात म्हणून निरुपद्रवी आहेत, हा समज फार पक्का बसलेला आहे. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि स्ट्रॉ यांवर बंदी आली आणि बहुतेक कार्यालये कागदी पेल्यांकडे वळली. या पेल्यांना आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. तो नेहमीच्या लगद्यापासून सहज सुटत नाही, त्यामुळे रद्दीवाला पेले घेत नाही, आणि प्लास्टिक असल्यामुळे ते खतातही जात नाहीत. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की, असा पेला गरम द्रवाने भरून १५ मिनिटे ठेवला, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. ही बाब कर्मचाऱ्यांना सांगितली, तर पेले बंद करण्याला विरोध पुष्कळ कमी होतो. प्रत्येकाला नाव घातलेला एक चिनी मातीचा मग द्यावा, पाहुण्यांसाठी स्टीलचे किंवा काचेचे पेले ठेवावेत आणि ते धुण्यासाठी माणसाचे तास वाढवून द्यावेत. पेल्यांवर दरमहा होणारा खर्च काढून पाहा; धुण्याच्या मजुरीचा मोठा वाटा त्यातूनच निघू शकतो.

मधुरा

दिगंबरदादा, मनापासून आभार. मावशींशी बोलले. त्या पुठ्ठा आणि बाटल्या आधीच वेगळ्या काढतात आणि इमारतीबाहेरच्या एका कचरावेचक ताईंना देतात, हे मला आजवर माहीतच नव्हते. दरम्यान एका कंपनीने आमच्याकडचा संपूर्ण कचरा मासिक शुल्क घेऊन उचलण्याचा आणि 'शून्य कचरा' प्रमाणपत्र देण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. तो स्वीकारावा का?

शैला, कचरावेचकांच्या प्रश्नांवर काम

ताई, प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीला लेखी विचारावे की, प्रत्येक प्रकारचा माल कोणत्या ठिकाणी जातो, तिथली पावती दरमहा मिळेल का आणि ज्याला भाव नाही अशा मालाचे ते काय करतात. पुठ्ठा, पांढरा कागद, पत्रा आणि पाण्याच्या बाटल्या कुणीही आनंदाने नेईल. खरा कस लागतो तो वेफर्सच्या चकचकीत पाकिटांवर, थर्माकोलवर, ताकाच्या बहुपदरी खोक्यांवर आणि काळ्या प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यांवर. यांच्याबद्दल उत्तर मोघम आले, तर प्रमाणपत्राला फारसा अर्थ नाही.

तुमच्या इमारतीबाहेरच्या ताईंना मात्र या व्यवस्थेतून वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था तयार झाली, जी महापालिकेबरोबरच्या करारानुसार घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. शहरातला जो माल खरोखर पुनर्वापरात जातो, त्याच्यामागे या बायकांची वर्षानुवर्षांची मेहनत आणि मालाची पारख आहे. हातात घेतल्याबरोबर त्या प्लास्टिकचा प्रकार ओळखतात. हे कौशल्य कोणत्याही नव्या योजनेला विकत घेता येत नाही. बहुतेकदा असे होते की, मोठे कंत्राट आले की भाव असलेला माल कंत्राटदाराकडे जातो आणि ज्यांनी तो इतकी वर्षे वेचला, त्यांच्या वाट्याला ओला आणि घाणेरडा भाग उरतो. तुम्ही त्या ताईंना ओळखपत्र पाहून इमारतीत येण्याची लेखी परवानगी, माल निवडायला सावलीची जागा आणि हात धुवायला पाणी दिले, तर तुमचा सुका कचरा स्वच्छ निवडला जाईल आणि त्यांचे उत्पन्नही वाढेल.

स्वच्छतागृहांतील सॅनिटरी पॅडबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण संकोचामुळे हा विषय बैठकीत कुणी काढत नाही. ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर ठळक लाल ठिपका काढून वेगळ्या डब्यात ठेवावेत, म्हणजे निवडणाऱ्या बाईला ते उघडून पाहावे लागत नाही. प्रत्येक स्त्री-स्वच्छतागृहात कापलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेला लाल पेन ठेवला, की काम होते.

दफ्तरदार (सातारा)

मी जिल्हा परिषदेच्या सेवेत होतो आणि माझे बहुतेक आयुष्य फायलींमध्ये गेले, म्हणून केवळ कागदाबद्दल लिहितो.

आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत होती आणि आजही आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले कागद कार्यवाहीतील प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (म्हणजे ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद अशा सहा गठ्ठ्यांत ठेवायचे असतात. त्याच्या जोडीला अभिलेखांचे वर्ग असतात: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग ३० वर्षे, 'क' वर्ग १० वर्षे, 'क-१' वर्ग ५ वर्षे आणि 'ड' वर्ग एक वर्ष जपायचा. सहावा गठ्ठा हा या पद्धतीचा प्राण आहे, कारण कोणता कागद कधी जाणार, हे तो फायलीत लागतानाच ठरलेले असते. खासगी कार्यालयांत कागद ठेवण्याचा निर्णय सगळे घेतात, पण काढून टाकण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नसतो आणि म्हणून एकेक खोली भरत जाते. तुम्ही लेखापाल आणि कायदेविषयक सल्लागार यांच्याबरोबर बसून असाच एक मुदतीचा तक्ता तयार करावा. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आणि संबंधित व्हाउचर किमान ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात; पगार, भविष्य निर्वाह निधी आणि चालू खटल्यांची कागदपत्रे यांच्या मुदती स्वतंत्रपणे ठरवून घ्याव्यात. मुदत संपलेल्या फायलींची यादी करून तिच्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि मगच रद्दी बाहेर काढावी.

गोपनीय कागदांसाठी घराघरांत आणि कार्यालयांत बारीक चुरा करणारी यंत्रे घेतली जातात. चुरा जितका बारीक, तितका कागदाचा तंतू आखूड होतो, आणि आखूड तंतूंपासून चांगला कागद बनत नाही. तंतू दर फेरीला थोडा थोडा तुटत असल्यामुळे कागदाचा पुनर्वापर तसाही पाच ते सात वेळाच होऊ शकतो. म्हणून ज्यात खरोखर गोपनीय मजकूर आहे, तेवढेच कागद यंत्रात घालावेत आणि तेही रुंद पट्ट्यांच्या यंत्रात. मोठा साठा असेल, तर आपल्या माणसाच्या देखत थेट कागद कारखान्यात लगदा करून घ्यावा आणि तसे पत्र घ्यावे. फायलींतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पारदर्शक पाकिटे आणि स्पायरल काढून ठेवले, तर पुन्हा वापरता येतात. स्टेपलच्या पिना काढत बसण्याची गरज नाही. कारखान्यात त्या वेगळ्या होतात. बँकेच्या यंत्रातून आणि हॉटेलांतून मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्या मात्र रद्दीत घालू नयेत, कारण त्या कागदावर रसायनाचा थर असतो.

वापर कमी करण्यासाठी छपाईयंत्राची मूळ मांडणीच दोन्ही बाजूंची करावी आणि यंत्रापाशी जाऊन आपला क्रमांक टाकल्यावरच कागद बाहेर येईल, अशी सोय करावी. पाठवून विसरलेल्या प्रतींचा ढीग त्याने थांबतो. ७५ जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) एक ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा भरतो आणि ५०० कागदांचे एक रिम सव्वादोन किलोंहून थोडे अधिक. महिन्याला किती रिमे विकत घेतली आणि किती किलो रद्दी गेली, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की, कागद कुठे अडकून पडतो आहे, ते लगेच कळते.

प्रसाद, संगणक विभाग

ई-कचऱ्याबाबत थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, ज्या संस्थेने आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी नियमांच्या सूचीतील किमान १,००० उपकरणे वापरली, ती 'मोठी ग्राहक' ठरते आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यावा लागतो. दीडशे जणांचे कार्यालय या संख्येत बसेलच असे नाही, तरीही माल नोंदणीकृत माणसालाच द्यावा. रस्त्यावरच्या भंगारात गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, मदरबोर्ड आम्लात बुडवले जातात आणि तो धूर व ते पाणी तिथे काम करणाऱ्या लोकांच्या अंगात जाते. घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर तपासावा आणि वस्तूंच्या अनुक्रमांकांसह पावती घ्यावी.

त्याआधी प्रत्येक लॅपटॉप उघडून पाहावा. जुनी डिस्क काढून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली आणि मेमरी वाढवली, तर कार्यालयीन कामासाठी बरेच संच आणखी काही वर्षे चालतात. ज्यांतली माहिती पुसायची आहे, त्यांच्यासाठी केवळ फॉरमॅट करणे पुरेसे नाही. डिस्क पूर्ण पुसण्याची प्रणाली वापरावी किंवा डिस्कला भोक पाडावे.

बॅटऱ्यांचे काम मात्र आजच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. फुगलेली लिथियम बॅटरी बंद कपाटात, इतर वस्तूंच्या दाबाखाली ठेवणे धोक्याचे आहे. ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, माणसांपासून आणि कागदांपासून दूर ठेवावी आणि घेणाऱ्याला तातडीने बोलवावे. जळालेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून त्या न फोडता त्यांच्याच खोक्यात उभ्या ठेवाव्यात.

अनघा, ओल्या कचऱ्याचे खत

मधुराताई, घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांना आणि वसाहतींना जागीच वर्गीकरण करायला आणि ओल्या कचऱ्याची शक्य तितकी विल्हेवाट आवारातच लावायला सांगितले. रोज १०० किलोंहून अधिक कचरा होणाऱ्यांना त्याच नियमांनी मोठे कचरानिर्माते ठरवले. तुमचे दोन मजले या मोजमापात बसले नाहीत, तरी संपूर्ण इमारत बहुधा बसेल. त्यामुळे हा विषय इमारतीच्या व्यवस्थापनाकडे कायदेशीर जबाबदारी म्हणून न्यावा आणि बाकीच्या भाडेकरूंनाही सोबत घ्यावे. आपल्या शहराचा कचरा कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी किती वर्षे सोसला आणि त्यासाठी त्यांना किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

तोपर्यंत तुमच्या चोथ्यासाठी आणि फळांच्या सालींसाठी गच्चीत भोके पाडलेले दोन पिंप पुरतील; एक भरत असताना दुसऱ्यात खत पिकते. खताला वास येतो तो ओलावा जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तितक्याच आकारमानाचा वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे आणि आठवड्यातून दोनदा वरखाली करावे. मूठभर माल हातात घट्ट दाबला की बोटांना ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. दुधाच्या चहाचा चोथा आधी पाण्याखाली धुऊन घ्यावा, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात आणि दूध आंबते. मटणाची हाडे आणि तेलकट रस्सा यात घालू नये.

मधुरा

अनघाताई, हिरव्या डब्यासाठी 'विघटनशील' लिहिलेल्या पिशव्या घ्याव्यात का? पुरवठादार त्यांचा फार आग्रह धरत आहेत.

अनघा

मी घेणार नाही. ज्या पिशव्या खरोखर कंपोस्ट होतात, त्यांनाही आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्या कुजतात त्या मोठ्या प्रकल्पांतल्या सततच्या उष्णतेत. गच्चीवरच्या पिंपात तेवढी उष्णता टिकत नाही आणि त्या पिशव्या खतात जशाच्या तशा सापडतात. हिरव्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे दोन-तीन थर घाला, तो रोज संध्याकाळी कागदासकट पिंपात उपडा करा आणि डबा धुऊन रात्रभर पालथा घाला. डबा धुण्याची वेळ मावशींच्या कामाच्या तक्त्यात लिहून घ्या, म्हणजे ते त्यांचे जादा काम ठरणार नाही.